तांदळातलं नाव

म्हाताऱ्या पेशीनं आजही हाक ऐकली नाही.

एकनाथनं पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावला. यीस्टची एकच पेशी. तेवीस लेकी, म्हणजे तेवीस नव्या पेशी, अंगातून फुटून झालेली. प्रत्येक लेक त्यानंच काचेच्या सुईनं बाजूला सारली होती. जोडीदार यीस्टचा वास शेजारी सोडला की तरणी पेशी वाढायची थांबते, वासाकडे झुकते. बोईसरच्या त्या लॅबमध्ये याला सगळे हाक म्हणायचे. ही थांबेना, झुकेना.

"बहिरी झाली, सर."

दिनानाथ सरांनी वाकून बघितलं. "बहिरी नाही रे. जन्मापासून बंद ठेवलेले जीन म्हातारपणी उघडतात. आत दुसरीच कोणीतरी होऊन बसते. तिला ही हाक आपली वाटतच नाही."

एकनाथनं सुई खाली ठेवली.

सातपाटीला त्याची आई, काशीबाई, दोन महिने अशीच होती. बोंबील वाळत घातलेल्या बांबूच्या वलांडीखाली बसून राहायची. आय म्हणा, काशीबाई म्हणा, मान वळायची नाही. पालघरच्या डॉक्टरनं कान तपासले. कान ठणठणीत. एकनाथला एवढंच हवं होतं, एकदा तिनं ओ द्यावी.

चारच्या एसटीनं तो घरी आला. साखरबाई आत्या बोंबील उलटवत होती.

"आत्या, लग्नाआधी आयचं नाव काय होतं?"

"एवढा घोडा झालास, आता इचारतोस? सासूनं ताटातल्या तांदळात काशी लिवलं, तवाच ते संपलं. परत घ्यायचं नाय. आमाला शपथ हाय."

"ती कुठल्याच नावाला वळत नाय. सांग ना."

आत्यानं आजूबाजूला बघितलं. आवाज उतरवला. "नवसी."

एकनाथ आईपाशी गेला. वाऱ्यानं सुके बोंबील एकमेकांवर घासत होते. कागदासारखे वाजत होते.

"नवसी."

मान झटकन वळली.

"ओ!"

आवाज बारीक होता. तीस वर्षांच्या आयुष्यात त्यानं हा आवाज कधी ऐकला नव्हता. गुडघ्यांनी बेजार झालेली बाई हात न टेकता उठली, पदर कमरेला खोचला, उड्या मारल्यासारखी त्याच्यासमोर आली. त्याच्या डोळ्यांत बघून हसली.

"आय," तो म्हणाला.

तो कोणाला हाक मारतोय, ते तिनं मागे वळून बघितलं. मागे कोणीच नव्हतं.

"दादा," ती हळूच म्हणाली, "तुमी कोनाकडं आले?"