पाणबुडीचं झाकण

१९८४ची भीमजयंती. सावरगावच्या पोरांनी संत्र्याच्या पेट्या ठोकून पाणबुडी बनवली आणि विनोदी नाटक बसवलं. लिहिलं होतं देवीदासनं. तो नौदलात होता. आदल्या वर्षी समुद्रात बुडाला, देहसुद्धा सापडला नाही. तरी त्याची आई, इंदूबाई, म्हणाली, "नाटक थांबवू नका." पहिल्या रांगेत येऊन बसलीही.

नाटकात तोतरा कप्तान आणि पाण्याला भिणारे खलाशी बुडालेली पाणबुडी शेवटी वर आणतात. झाकण उघडून एकेक जण धडपडत बाहेर आला, तसं सारं गाव पोट धरून हसलं. इंदूबाईसुद्धा.

मांडव रिकामा झाला, तरी ती उठेना. कप्तान झालेला वामन पाणबुडीचं झाकण लावत म्हणाला, "मावशी, खतम झालं नाटक."

 

"झाकण नको लावू रे बापू. माहा देवीदास निघाचा हाय अजून."