पाण्यातली मोडी

साहेब, कुंडाच्या साफसफाईत तो दगड तुम्ही घासायला लावलात. मोडी अक्षरं तुम्हाला चरे वाटली! वाचता येत नव्हतं, तर बडोद्यात कुणालाही विचारायचं होतं.

तरसालीच्या पद्माताईंना विचारायचं होतं. या निवृत्त मास्तरणीला मोडी घडाघडा येते, आणि ताठा तर विचारूच नका. गरम पाण्याचं हे कुंड त्यांच्या पणजोबांनी, रघोजी पाथरवटांनी बांधलं. कुंडावरच्या दगडातली त्यांच्या नावाची ओळ भाच्याला दाखवायला त्या शनिवारी सकाळी मुद्दाम आल्या होत्या.

दगड कोरा होता.

“बेन, ए तो बस लीटा हता,” रखवालदार म्हणाला.

“लीटा? रेघोट्या? अरे, माझ्या पणजोबांचं नाव होतं ते!”

भाचा कुणाल कुंडात पाय सोडून बसला होता. “आत्या, जाऊ दे ना. पाणी बघ, मस्त छे!”

ताईंनी पाण्यात पाहिलं. प्रतिबिंबातल्या दगडावर ओळ होती. उलटी नव्हे, चांगली सुलटी: ‘रघोजी पाथरवटाने बांधिले.’ ताईंची मान ताठ झाली. चार माणसं वळून बघतील अशा आवाजात त्यांनी ती वाचली.

तेवढ्यात छिन्नीची टकटक ऐकू आली. पाण्यातल्या दगडावर दुसरी ओळ उमटू लागली: ‘खापरपणतू कुणाल येथे’

टकटक चालूच होती.

“कुणाल, पाय काढ आधी!”

“निघत नाहीत, आत्या.”

साहेब, घासलंत ते घासलंत. आता पुढचा शब्द कोण कोरतंय, ते सांगा!