बिनफोडणीचं सॅलड

"आई, ती पळी गॅसवरून उतरवा," अक्षता स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाली.

प्रेमलाबाईंनी फोडणीची पळी मुकाट्याने उतरवली. हात सवयीनेच तिकडे गेला होता. कोशिंबीर म्हटली की हिंग-मोहरी आलीच, हा त्यांचा जन्मभराचा शिरस्ता. लग्नानंतर सुनेने पहिल्यांदा हौसेने हे ब्रोकोलीचं सॅलड केलं, तेव्हाही त्यांनी त्यावर चरचरीत फोडणी ओतली होती. मेयोनीज फुटलं, तेल वर आलं. "बायको गवत शिजवते," म्हणून धम्मदीप पाहुण्यांसमोर हसला आणि लेकाबरोबर त्याही हसल्या. ते हसणं आठवलं की हल्ली त्यांना घास गिळवत नसे.

पुढे धम्मदीप घर सोडून गेला, तर त्यांनी बोल लावला तो सुनेलाच. नवरा धरून ठेवता आला नाही, म्हणाल्या. कोथरूडच्या या घरातून अक्षता एक बॅग घेऊन निघाली तेव्हा त्या दारापर्यंत सोडायलाही उठल्या नाहीत. तिला आईवडील नव्हते, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

आज त्यांनीच फोन करून तिला बोलावलं होतं. "एवढ्या लवकर सुचलं?" एवढंच त्यांचे यजमान कचरूराव म्हणाले होते.

"तू बस. तू फक्त सांग, मी करते."

अक्षता ओट्याला टेकून सांगत राहिली. तुरे उकळत्या पाण्यात टाकायचे, हिरवा रंग खुलला की लगेच गार पाण्यात. मग फडक्यावर कोरडे करायचे, नाहीतर सॅलडला पाणी सुटतं. घट्ट चक्का, थोडं मेयोनीज, लिंबू, मिरपूड, बारीक कांदा, मनुका. प्रेमलाबाईंनी एकेक तुरा न्हायलेल्या बाळासारखा टिपून घेतला.

"तो खरंच येतोय?" अक्षताने विचारलं.

"हे गेलेत ना स्वारगेटला, त्याला आणायला."

"आणि नाही जमलं तर?"

"जमेल. या वेळी मी तुझ्या बाजूने बसणार आहे." त्यांनी वाडग्यात चमचा फिरवला. "तेव्हाच बसायला हवं होतं गं. चुकलंच माझं."

अक्षता चमचाभर सॅलड चाखून म्हणाली, "मीठ कमी आहे." प्रेमलाबाईंना तेवढ्यानेही बरं वाटलं. मीठ घालून झाल्यावर त्यांनी कपाटातली अबोली साडी काढली आणि तिला नेसवताना स्वतः निऱ्या धरल्या.

बेल वाजली. "जय भीम" झालं, पाणी झालं, पानं वाढली गेली. गरम भाकरी, भरलं वांगं, आणि डावीकडे वाटीभर सॅलड. अक्षता मान खाली घालून वाढत होती.

जेवता जेवता समोरच्या वयस्क बाईंनी वाटी पुढे केली. "हे आणखी वाढा हो थोडं. छान झालंय. कुणी केलं?"

"अक्षतानेच." मुलगी दाखवताना सगळ्या आया बोलतात ते खोटं प्रेमलाबाई बेधडक बोलून गेल्या. मग त्या बाईंच्या शेजारी बसलेल्या, लोणी काळभोरहून आलेल्या त्यांच्या मुलाकडे बघून हळूच म्हणाल्या, "आमच्या मुलाला हिची किंमत कळली नाही. तुम्हाला कळू दे."