अंगठ्याखालचा चावा

"शुगर तीनशेच्या वर गेलीय तुमची," म्हणत हेमलताने बालुशाहीचा बॉक्स उचलला, तसं दिगंबरने तिला भिंतीवर आपटून तिचा गळाच आवळला. डोळ्यांपुढे अंधारी आली. त्याचा दुसरा हात तोंडावर दाबला गेला, तेव्हा तिने जिवाच्या आकांताने अंगठ्याखाली दात रुतवले. रक्ताची धार लागली, तेव्हा कुठे त्याने तिला सोडलं.

"कुणाला बोललीस तर जीव घेईन," जखमेवर हळद दाबत त्याने बजावलं. तिसऱ्या दिवशी हात मनगटापर्यंत सुजून काळानिळा पडला. पू थांबेना. मग नवरा-बायको दवाखान्यात आले.

"शुगर एवढी असली की जखम भरत नाही, आत पसरतच जाते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कशाने झालं?"

"कुत्रं चावलं." बोलताना दिगंबर बायकोकडे रोखून पाहत होता.

बाई कुत्र्याच्या चाव्यावरचं इंजेक्शन लिहू लागल्या. गप्प बसावं, असं हेमलताला क्षणभर वाटलं. चुकीच्या औषधाने हा हात गेला तर पुन्हा आपल्यावर उठणार नाही. पण तिच्याच्याने ते होईना.

"कुत्रं नाही, मी चावलेय," ती म्हणाली. "हे माझा गळा दाबत होते."

दिगंबर तिच्यावर धावला. दोन वॉर्डबॉयनी त्याला खाटेवर दाबून धरलं. माणसाच्या चाव्यातले जंतू वेगळे असतात, असं म्हणत बाईंनी औषध बदललं. हात बहुतेक वाचेल, असं त्या म्हणाल्या.

"पेशंटजवळ कोण थांबणार?" नर्सने विचारलं.

"त्यांच्या भावाला बोलवा," हेमलता म्हणाली. "माझा गळा तपासा आणि तसं लिहून द्या. मला पोलीस चौकीत जायचंय."