साडेआठची नोंद

बाबा मुलीला ओळखेनासे झाले त्याला वर्ष झालं होतं, पण पक्षी दिसला की वेळ, संख्या, वागणूक वहीत टिपायची चाळीस वर्षांची सवय काही सुटली नव्हती. ती रोज ऑफिसआधी यायची, त्यांना न्याहारी भरवायची, तोंड पुसायची आणि निघायची. तेवढा वेळ बाबा श्वास रोखल्यासारखे ताठ बसून राहायचे. “माझ्याशी तर भरभरून बोलतात, तुम्ही आलात की पार दगड होतात,” नर्स म्हणाली. “चालायचंच,” ती म्हणाली. आताशा तिला वाईटसुद्धा वाटायचं नाही. आज त्यांच्या मांडीवरून घसरलेली वही तिने उचलली. चिमण्या सहा, घार एक, आणि त्याखाली, थरथरत्या अक्षरात: “साडेआठ. मादी, एकच. ओळख पटत नाही. रोज येते, मला भरवते. हल्ली दमलेली दिसते. ती असेपर्यंत अजिबात हलायचं नाही. घाबरली तर पुन्हा यायची नाही.”