सुटली

"पहिला घोट तुझाच, बाबा. राय नावाच्या धान्याची आहे आणि चांगली कडक आहे. खुर्ची धरून पी हं!" केतकीने हसत वडिलांच्या हातात ग्लास दिला. तिच्या नव्या ब्रुअरीतली ही पहिलीच बिअर. टाक्यांजवळची माणसं हातातलं काम टाकून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

त्याने ग्लास नाकाशी नेला. खरपूस भाकरीचा वास आला, मागोमाग मिरीचा. तोंडाला पाणी सुटलं, पण हात पुढे जाईना. केतकी शाळेत असताना बायकोने त्याचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला होता, यापुढे थेंबही नाही म्हणून. जिने शपथ घातली, तिनेच 'सुटली' म्हणायचं असतं. ती तर मार्गशीर्षात गेली. आता प्यावं तर तिचा शब्द मोडतो, न प्यावं तर लेक खट्टू होते.

"आईची शपथ ना?" केतकीने हळूच विचारलं. "मी तिचीच मुलगी. तिच्या वतीने सांगते, सुटली. घे आता."

वाट मोकळी झाली. ग्लास ओठांना लागला आणि त्याला एकदम रिकामं घर आठवलं. रागवायला, अडवायला घरात कोणी उरलं नव्हतं. अजून अडवत होती ती तिची एवढी शपथच.

त्याने ग्लास खाली ठेवला.

"वासावरूनच सांगतो, फक्कड झालीय. पण ते 'सुटली' तेवढं मागे घे, बाई."