दोघींचा परवाना

डेप्युटी साहेबांनी उचललेला टाक पुन्हा दौतीत ठेवला आणि समोर उभ्या असलेल्या दोघींना विचारलं, "घरात कधी भांडण होतं का?"

"कदीच न्हाय," सासू आणि सून एका सुरात म्हणाल्या.

साहेबांच्या कपाळावर आठी चढली. रुद्राणीला वाटलं होतं, हे उत्तर ऐकून साहेब खूश होतील. होटगीहून निघताना शेजारच्या रंभाबाईनं तसं बजावूनच पाठवलं होतं. सोलापूरच्या कचेरीत तोंडाला तोंड द्याल तर परवाना विसरा, गोडीगुलाबीनं बोला, म्हणाली होती. म्हणून दोघींनी गाडीत बसल्या बसल्या उत्तरं घोकली होती. तीसुद्धा न भांडता.

रुद्राणीचा नवरा सोमलिंग होटगी जंक्शनवर फिटर होता. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तो आफ्रिकेत, नैरोबीच्या रेल्वे कारखान्यात गेला. त्याला आता पाच वर्षं झाली होती. यंदा त्याला राहायला दोन खोल्या मिळाल्या. त्यानं तिथल्या सरकारकडे स्वतः हमी दिली आणि बायको व आई अशा दोघींना बोलावून घेतलं. इकडचा परवाना झाला की दोघी मुंबईला बोटीत बसणार होत्या.

या पाच वर्षांत घरात दोघीच होत्या, आणि त्यांचं एका गोष्टीवर एकमत झाल्याचं आळीत कुणी ऐकलं नव्हतं. सासू काशम्मा म्हणाली भाकरी जाड झाली, की रुद्राणी दुसरी आणखी जाड थापायची. रुद्राणी म्हणाली ऊन आहे, की काशम्मा घोंगडी पांघरून बसायची. नवऱ्याकडे आपण एकटीच निघालोय, बोटीच्या कठड्याला टेकलोय आणि मागून कुणी हाक मारत नाही, असं स्वप्न रुद्राणीनं कितीदा तरी पाहिलं होतं.

साहेबांच्या स्वतःच्या घरी आई होती आणि बायकोही होती. त्यामुळे 'कदीच न्हाय' या उत्तरावर त्यांचा काडीचाही विश्वास बसला नाही. त्यात नुकतंच एकानं आपल्या स्वयंपाकीणबाईला आई म्हणून परदेशी न्यायचा घाट घातला होता. साहेबांनी रुद्राणीपुरता निकाल दिला. तिच्या वडिलांनी येऊन साक्ष दिली होती, तेव्हा तिच्याबद्दल शंका नव्हती. पण ही म्हातारी खरोखर सासूच आहे कशावरून? गावात माणूस पाठवून चौकशी करावी लागेल, आणि तोवर बोट काही थांबायची नाही. सुनेनं आता पुढं जावं, म्हातारीचं मागाहून पाहू.

रुद्राणीच्या काळजानं एक टुणकन उडी मारली. स्वप्न असं कचेरीत उभ्या उभ्या खरं होईल असं तिला वाटलं नव्हतं. तिनं चोरून सासूकडे पाहिलं.

काशम्मानं हात जोडले. "जाऊ द्या की सायेब तिला एकटीला," ती मऊ आवाजात म्हणाली. "माझं काय, मी ऱ्हाईन हितं सुखानं. मला कुणाची गरज न्हाय."

हे ऐकलं आणि रुद्राणीचा सगळा गोडवा एका क्षणात आटला.

"गरज न्हाय?" ती वळून म्हणाली. "दिवस मावळला की तुमाला हाताची बोटं दिसत न्हाईत. परवा आमटीत मिठाच्या जागी चुना कुणी घातला?"

"चुन्याची डबी मिठाशेजारी कुणी ठेवली?"

"तुमीच पान खायला काढली हुती ती!"

"आन् तू बोटीत बसणार हाईस व्हय एकटी? होटगीच्या ओढ्याला गुडघाभर पाणी आलं तर तुझे पाय लटपटत्यात."

मग सोमलिंगापर्यंत विषय गेला. त्याला बाळपणी गोवर आला तेव्हा काय झालं, त्याला वांगं आवडतं की दोडका, त्याचं नाक कुणावर गेलंय, सगळं निघालं. काशम्मा कानडीत शिरली, तशी रुद्राणीही कानडीत शिरली. दाराशी शिपाई जमा झाले. शेवटी रुद्राणी साहेबांकडे वळली. तिचा पदर घसरला होता आणि डोळे भरले होते.

"ह्या आल्या तरच मी जाते सायेब," ती म्हणाली. "न्हाईतर मला परवाना नको."

म्हणाली आणि स्वतःच चकित झाली. असं काही बोलायचं तिच्या मनातही नव्हतं.

साहेब मिशीतल्या मिशीत हसत होते. असं भांडण पढवून येत नाही, गावी माणूस पाठवायची काही गरज नाही, असं कारकुनाला सांगून त्यांनी दौतीतला टाक उचलला. दोघींच्या नावांखाली त्यांची सही पडली.

कचेरीच्या पायऱ्या उतरून दोघी स्टेशनच्या वाटेला लागल्या. रस्त्यात गिरणीतून सुटलेल्या बायकांची गर्दी होती. काशम्मानं सुनेचा दंड धरला होता, आणि रुद्राणीनं तो सोडवून घेतला नाही. मग तिला राहवेना.

"आत्ती, तुमी एवढ्या सहज कशा म्हणालात, जाऊ द्या हिला एकटीला? मी खरंच गेले असते तर?"

काशम्मा समोर बघत चालत राहिली.

"मी जा म्हणलं आन् तू गेलीस," ती म्हणाली, "असं पाच वर्सांत कदी झालंय व्हय?"